वरचा जीव की खालचा

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी गादी उलटी केली. लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीत ऊन येतं दहाला आणि जातं साडेबाराला, तेवढ्यात काय ते उरकायचं. कापसाची जुनी गादी, ओली नसली तरी ओल्यासारखी जड. डोक्याकडची बाजू लीलाने धरली, पायाकडची मी. दारापर्यंत आलो आणि ती म्हणाली, "जरा खाली ठेवा ओ. जीव घाबरताहा."

मी म्हटलं, "श्वास मोज. चार आत, सहा बाहेर."

ती दारातच गादीवर बसली आणि हसली. "माका मोजूक शिकवतास? मी सातवी पास आसंय. तुमी चौथीतसून पळालास." पण मोजले तिने. ओठ हलत होते. मग उठली, पदर खोचला, आणि आम्ही गादी कठड्यावर नेऊन टाकली. तिने दोन धपाटे घालून धूळ काढली. त्या दिवशी मला दुपारचंच काम होतं, मी जेवलो आणि कामावर गेलो.

दिवाळी अंकवाल्या साहेबांनी मला सांगितलंय, "परब, तुम्ही मनाच्या डॉक्टरांकडे तीस वर्षं शिपाई होता, गमतीजमती लिहा. लोकांना असलं वाचायला आवडतं." गमती आहेत, त्या लिहितो. पण गादीचं आधी लिहिलं, कारण मला त्याच्या पलीकडे काही सुचत नाही. शुद्धलेखन नातीने तपासलंय. तिने दोन ठिकाणी शिव्या खोडल्यात, तिथे वाक्यं जरा बोडकी वाटतील.

काम काय होतं ते सांगतो. गिरगावात एका दुमजली इमारतीत खाली मठाचा हॉल आणि वर डॉक्टरसाहेबांच्या दोन खोल्या. इमारत मठाची, डॉक्टर भाडेकरू. मठाच्या विश्वस्तांनी हिशोबी डोकं लावलं आणि दोघांत मिळून एक माणूस ठेवला. तो मी. सकाळी आणि दुपारी वर, संध्याकाळी खाली.

आमचे डॉक्टर म्हणजे नळी लावून तपासणारे, चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर नव्हेत. मोठ्या कॉलेजातून मनाचा अभ्यास करून ते डॉक्टर झालेले. माणसाला बोलतं करून बरं करायचे. हे वाक्य नीट वाचा. आमच्या घरात ते कुणी नीट वाचलं नाही. आमच्यासाठी पाटीवर डॉक्टर लिहिलंय म्हणजे डॉक्टर.

वरच्या खोलीला दोन दारं. एकाने माणूस आत जाणार, दुसऱ्याने बाहेर, म्हणजे रडून निघालेल्याला रडायला आलेला दिसू नये. दार बंद असताना जग बुडालं तरी टकटक करायची नाही. तांब्या भरलेला हवा, हातरुमालांची चळत हवी. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे ओळख न दाखवणं. दादरच्या मार्केटात पेशंट समोरून आला की मी वांगी बघायचो. पहिली काही वर्षं लीला चिडायची, "वांगी घेवची नाय तर बघतास कित्याक?" कारण तिलाही सांगायची मला बंदी होती.

खाली महाराजांचं काम वेगळं. सतरंज्या घालायच्या, माइक लावायचा, चपला राखायच्या, आरती झाली की तीर्थ. महाराज पूर्वी शाळेत शिकवायचे, त्यामुळे बोलणं स्वच्छ. भगवं वगैरे नाही, पांढरी लुंगी आणि शाल. आरडाओरडा नाही, चमत्कार नाही. दोघंही चांगली माणसं होती, हे आधीच कबूल करतो. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

मी बंद दाराबाहेर स्टुलावर बसायचो. ऐकायचं नाही असा नियम होता, पण कानाला झाकण नसतं. तीस वर्षांत मला त्या दोघांचं शास्त्र जेवढं कळलं तेवढं सांगतो. चूक असेल तर शिकलेल्यांनी सुधारून घ्यावं.

डॉक्टर म्हणायचे, माणसाच्या मनाला माळा असतो. नको ते सगळं आपण वर फेकतो. बापाचा राग, बायकोबद्दलचा कंटाळा, लहानपणी कुणी केलेला घाणेरडेपणा. दिसत नाही म्हणजे गेलं असं वाटतं. पण रात्री ते स्वप्नात खाली उतरतं, दिवसा हात थरथरतात. तर माळ्यावर चढा, एकेक वस्तू खाली काढा, हातात धरा आणि म्हणा, हे माझं आहे. त्याला ते सावली म्हणायचे. सावलीला घरात घेतलं की माणूस आतून बदलतो.

महाराजही तेच म्हणायचे, पण शेवटी वळण उलटं. जन्मोजन्मीचे संस्कार साठलेत, वासना दबून बसल्यात. त्यांच्याकडे बघा. बघता बघता तुम्हाला कळेल, की बघणारा वेगळा आणि दिसतं ते वेगळं. राग दिसतो म्हणजे राग तुम्ही नव्हे. शरीर दिसतं म्हणजे शरीर तुम्ही नव्हे. तुम्ही साक्षी. ते कळलं की माणूस आतून बदलतो.

म्हणजे वर सांगायचे, हे सगळं तूच आहेस. खाली सांगायचे, यातलं काहीच तू नाहीस. आणि मधे जिना. जिना मी झाडायचो.

गंमत म्हणाल तर दोन्हीकडची माणसं बरी व्हायची. प्रभादेवीचा एक बँकेतला साहेब वर यायचा. सही करताना हात थरथरायचा म्हणून त्याला खुर्चीवरून हलवलं होतं. वर्षभर आला. रोज एकच स्वप्न सांगायचा, कुलूप लावलेलं गोदरेजचं कपाट. एक दिवस बाहेर आला, मला म्हणाला, "पाणी द्या." पाणी प्यायला आणि जसं कुणी किती वाजले सांगतो तसं म्हणाला, "परब, माझा बाप मला कधीच आवडला नव्हता." आणि गेला. पुढच्या वेळी त्याने माझ्या वहीत सही केली ती छापल्यासारखी.

खाली कॉटन ग्रीनची एक बाई यायची. सुनेवर हात उगारायची, मग रडायची. महाराजांनी तिला सांगितलं, राग येताना त्याच्याकडे बघ, बाकी काही करू नको. महिन्याभराने चपला घालताना मला म्हणते, "भाऊ, काल राग आला. मी बघितला. तो गेला. लाटणं तेवढं हातात राहिलं." सून पण बरोबर होती. ती म्हणाली, "आणि मग त्या लाटण्याने चपात्या केल्या आम्ही."

आणि एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते, पैशाला फार चिकट, ते चारला वर यायचे आणि सहाला खाली. आठ वर्षं. एकदा जिन्यात मधेच उभे. मी म्हटलं, "काय झालं साहेब?" तर म्हणतात, "परब, वर सांगतात हा लोभ तुझाच आहे, जवळ घे. खाली सांगतात हा लोभ तुझा नाहीच, सोड. मी सध्या जिन्यात आहे." पण त्या दिवाळीला त्यांनी मला पहिल्यांदा मिठाईचा पुडा दिला. कुणामुळे ते देव जाणे.

तर मला अभिमान होता. चौथी शिकलेला माणूस, पण आत काय चालतं ते मला चाळीतल्या ग्रॅज्युएटांपेक्षा जास्त कळतं असा माज होता म्हणा. माणूस जिना चढताना मी ओळखायचो. आणि सगळ्यांत जास्त बायका यायच्या त्या एकच वाक्य घेऊन. "जीव घाबरतो." छातीत धडधडतं, घाम येतो, वाटतं आता मेले. डॉक्टर त्यांना श्वास मोजायला शिकवायचे आणि मग विचारायचे, कशाला घाबरता? दहा-बारा खेपांत त्या हसत उतरायच्या. मी शेकडो बघितल्या. म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, जीव घाबरतो म्हणजे मनाचं. चाळीत कुणी म्हटलं जीव घाबरतो की मी तिथल्या तिथे निदान द्यायचो. लोक मानायचे. "परबकाका मनाच्या डॉक्टरांकडे आहेत."

लीलाचा जीव गेल्या वर्षीपासून घाबरायला लागला.

पहिल्यांदा मी तिला वर नेलं. डॉक्टरांनी तिला फुकट वेळ दिला, माझी बायको म्हणून. तिला आईबद्दल विचारलं, सासूबद्दल विचारलं, पहिला मुलगा गेला त्याबद्दल विचारलं. त्याबद्दल ती चाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती. माझ्याशी तर नाहीच. त्या दिवशी बोलली, आणि दुसऱ्या दाराने बाहेर आली ती डोळे सुजवून. मला वाटलं, बास, सापडलं. माळ्यावरची वस्तू खाली आली. त्या रात्री ती शांत झोपली हेही खरं. मग महाराजांकडे बसू लागली. त्यांनी साक्षीभाव सांगितला. तिला तोही आवडला. घरी भांडी घासताना म्हणायची, "आता माजो जीव घाबरताहा, आणि मी बघतंय." आणि आम्ही दोघं हसायचो.

मग झाली ती व्याख्यानमाला. मठाच्या लोकांनी ठरवलं, वरचे आणि खालचे एकाच व्यासपीठावर बसवायचे. विषय ठेवला, मन आणि आत्मा. तीन दिवस हॉल भरलेला, खुर्च्या कमी पडल्या, मी शेजारच्या शाळेतून बाकं आणली. डॉक्टर माळ्याचं बोलले, महाराज साक्षीचं बोलले. दोघंही एकमेकांना मान देऊन बोलले, टाळ्या झाल्या. शेवटच्या दिवशी प्रश्न विचारा म्हणाले. कुणी जाडी पुस्तकं वाचलेले लोक उठून मोठमोठे प्रश्न विचारत होते, म्हणजे प्रश्न कमी आणि त्यांचंच भाषण जास्त. आणि बायकांच्या बाजूने लीला उठली.

मी माइक घेऊन गेलो. तिने मालवणी बाजूला ठेवली आणि शाळेतल्यासारखं शुद्ध बोलली. "माझा जीव घाबरतो. जिना चढताना घाबरतो, बादली उचलताना घाबरतो. तर मला असं विचारायचं आहे, की हा जीव कोणाकडचा? वरचा की खालचा?"

सगळा हॉल हसला. मग टाळ्या. पुढच्या रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "वा! काय मूलभूत प्रश्न आहे!"

महाराज हसून म्हणाले, "माई, जीव घाबरायचाच. घाबरणं हा जीवाचा धर्मच आहे. आत्मा घाबरत नाही. त्या आत्म्याकडे वळा."

डॉक्टर म्हणाले, "आणि मी विचारीन, ताई, जिना म्हणजे तुमच्यासाठी काय आहे? वर चढायची भीती कुणाला वाटते?"

पुन्हा टाळ्या. लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते. आणि मी माइक हातात धरून फुगलो होतो. शिपायाच्या बायकोने असा प्रश्न विचारला, की दोन विद्वानांना उत्तर द्यावं लागलं.

आता तुम्ही तिचं वाक्य परत वाचा. जिना चढताना. बादली उचलताना. अडीचशे माणसं होती त्या हॉलमध्ये. वकील होते, मास्तर होते, नोकरीतून निवृत्त झालेले साहेब होते. एकालाही कळू नये? बाई सरळ सांगतेय, की श्रम केले की छाती बंड करते. कुठल्याही नाक्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं असतं, काकी, ईसीजी काढून घ्या. पण आम्ही सगळे आत बघत होतो ना! माती त्या आत बघण्याची. काळीज पण आतच असतं, रक्ताचं, मांसाचं. तेवढं सोडून बाकी सगळं आत दिसलं आम्हाला.

घरी जाताना तिने मला विचारलं, "मगे माका झाला काय?"

मी म्हटलं, "मनाचं आहे."

"दोघेव तसाच म्हणतत?"

"दोघंही."

"मगे बरा," ती म्हणाली. तिला हायसं वाटलं. माझ्यावर तिचा विश्वास होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गादी.

दुपारी मी वर स्टुलावर होतो. दार बंद, आत एक पेशंट. पावणेचारला शेजारच्या सुमनचा फोन आला. "काका, काकींना दरदरून घाम फुटलाय. कठड्यावरची गादी एकट्यांनीच खाली ओढली, तिच्यावरच बसल्यात. जीव घाबरतोय म्हणतायत."

मी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. मी हळू आवाजात सांगितलं, कारण आत बोलणं चालू होतं. "घाबरू नकोस. मनाचं आहे ते. पंखा लाव, श्वास मोजायला सांग. चार आत, सहा बाहेर. आरती झाली की येतो मी."

सुमन म्हणाली, "डॉक्टरला बोलवू का, चाळीखालच्या?"

मी म्हटलं, "कशाला? मी डॉक्टरकडेच तर आहे."

वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. तोवर सुमननेच शेजाऱ्यांना हाका मारून टॅक्सीत घालून नेलं होतं. मी इस्पितळात पोचलो तेव्हा नातीच्या वयाची एक डॉक्टर पोरगी बाहेर आली. गळ्यात नळी होती तिच्या. म्हणाली, "आजोबा, यांचा ईसीजी कधी काढला होता?"

"नाही."

"त्रास कधीपासून होता?"

"वर्ष झालं."

"वर्षभरात एकदाही नाही? का?"

मी म्हटलं, "मनाचं होतं." तिने हातातल्या कागदावर ते लिहून घेतलं.

लीला उजेड होता तोवरच गेली, आणि रात्री अग्नी देऊन सगळं आटोपलं. घरी आलो, तर गादी गॅलरीत तशीच. ती कुणी उचलली नव्हती आणि मीही उचलली नाही. मुलगी अँटॉप हिलहून आली होती, ती आत भिंतीला टेकून बसली होती. आणि डॉक्टर आणि महाराज दोघंही एकाच टॅक्सीतून आले. चाळीचे तीन जिने चढून. महाराजांना गुडघ्याचा त्रास, तरी चढले.

डॉक्टर माझ्या शेजारी खाली बसले. म्हणाले, "परब, रडू येईल, राग येईल. येऊ द्या. दाबू नका."

महाराज म्हणाले, "आणि राग आला तर त्याच्याकडे बघा, परब. तो तुम्ही नव्हे."

मी उठलो. सत्तर वर्षांचा माणूस, पण आवाज अख्ख्या मजल्याने ऐकला. "राग मीच आहे! बघा माझ्याकडे! जिना चढताना घाबरतो म्हणाली ती. भर सभेत म्हणाली. आणि तुम्ही तिला विचारलंत, जिना म्हणजे काय? जिना म्हणजे जिना! आता तीन चढून आलात ना? घाबरला ना जीव? आत्म्याचा घाबरला की मनाचा?"

मुलगी म्हणाली, "बाबा, बस करा."

डॉक्टर म्हणाले, "मी तसला डॉक्टर नाही हो, परब."

"मग तसल्याकडे जा म्हणायचं होतं. एवढंच. आधी छाती दाखवून या, मग बोलू. तोंड झिजलं असतं?"

डॉक्टर म्हणाले, "म्हणायला हवं होतं." महाराजांनी दाराची चौकट धरली होती.

दोघांना मी दार दाखवलं. आणि ते गेल्यावर कळलं, की शिव्या द्यायला आता तिसराच माणूस उरलाय. त्या दोघांनी निदान तिला समोर बसवून ऐकलं तरी होतं. मी बायकोशी पन्नास वर्षांत कधी तेवढं बोललो नाही. मी उसनं घेतलेलं दीड शब्दाचं ज्ञान तिच्या छातीवर ठेवलं. सुमन विचारत होती ना, खालच्या डॉक्टरला बोलवू का म्हणून? त्याचं उत्तर ना वरच्याने दिलं, ना खालच्याने. ते मी दिलं.

लोक म्हणतात, काळ जाईल तसा राग जाईल. गेला नाही. आणि जाऊ नये असं वाटतं. आतून बदलणं म्हणतात ते हेच असेल तर असो. मी बदललोय. कुणाची आराधना करून नाही, स्वप्न सांगून नाही. फोनवर सात वाक्यं बोलून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि कामावर गेलो. मुलगी आडवी आली, "बाबा, सुतक आहे, लोक काय म्हणतील?" मी गेलो. खाली मठाच्या सेवेकऱ्याने मला दारात बघून हात पुढे केला. "परब, अहो, सुतक ना तुम्हाला? आत येऊ नका."

"मी आत येत नाही," मी म्हटलं. "मी जिन्यात आहे."

आणि तिथेच तिसऱ्या पायरीवर बसलो. साडेनऊला पहिली पेशंट आली. चाळिशीची बाई, पोपटी ड्रेस, नवी. रुमालाने मान पुसत होती. मला म्हणाली, "मनाचे डॉक्टर वर बसतात का? मला वेळ दिलीय."

मी विचारलं, "काय होतं?"

तीस वर्षांत पेशंटला मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ती बिचकली. "जीव घाबरतो," म्हणाली.

"ईसीजी काढलात?"

"नाही. ते मनाचंच आहे, माहितेय मला."

"तुम्हाला काय माहितेय? चला."

वरून डॉक्टरांनी दार उघडून बघितलं. "परब, त्यांना वर पाठवा." मी नाही पाठवलं. डॉक्टर दोन पायऱ्या उतरले, माझ्याकडे बघितलं आणि तिथेच थांबले. मी त्या बाईला घेऊन समोरच्या गल्लीतल्या तपासणीच्या दुकानात गेलो. ती सगळा वेळ कुरकुरत होती. "काका, माझी वेळ जाईल. काका, तुम्ही कोण पण?" मी बाहेर बाकावर बसलो.

तिचा कागद आला. तिथल्या नळीवाल्या डॉक्टरने बघितला आणि सांगितलं, काही नाही, हृदय उत्तम आहे.

ती माझ्यावर डाफरली, "बघा! सांगत होते ना मी?" मग तिने माझं तोंड बघितलं. रस्ता ओलांडताना तिनेच माझं कोपर धरलं.

डॉक्टर अजून जिन्यातच उभे होते. मी तिचा कागद त्यांच्या हातात दिला.

"आता न्या आत," मी म्हटलं. "आता मनाचं."